ऐंशी किलो, पाच वेळा

१४ जानेवारी

मामा,

परवा सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं आयुष्य बदललं. हसू नकोस. जिमचं घड्याळ माझ्या समोरच्याच भिंतीवर आहे, म्हणून वेळ पक्की सांगतो.

एक बाई आली. बाई म्हणजे सत्तावीस वर्षांची, माझ्यापेक्षा सहाने मोठी, हे तू आता बोटांवर मोजशीलच. तिने चाळीस किलोच्या बारला हात घातला. बार जागचा हलला नाही. अशा वेळी लोक काय करतात तुला माहीत आहे. आधी आजूबाजूला बघतात, मग कंबर धरून खोटं खोटं कण्हतात. हिने इकडेतिकडे पाहिलंच नाही. बारकडे बघून म्हणाली, "बरं. उद्या." आणि हात धुवायला निघून गेली. मी हातात फडकं घेऊन तसाच उभा. मालक ओरडले, "अहो राजे, पुसून पुसून बाकाला भोक पाडताय का?"

ती अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. पाच वर्षं झाली. म्हणते, "रोज शंभर जणांना सांगते, घाबरू नका, माणसं निघालीत. मला आता सांगायचं नाहीये, निघायचंय." तिला अग्निशमन दलात जायचंय. अठरा एप्रिलला ताकदीची चाचणी आहे. जमिनीवरून ऐंशी किलोचा बार उचलून ताठ उभं राहायचं, असं सलग पाच वेळा. पाचवी झाली नाही तर घरी. वयाच्या अटीमुळे तिला दोनच संधी उरल्यात, ही एक आणि ऑक्टोबरातली.

मालकांचा खांदा धरलाय, म्हणून शिकवायचं काम माझ्या गळ्यात आलं. मला एवढंच कळतं की जड असेल ते उचलायचं. तू तीस वर्षं लोकांना ताकद शिकवलीस, तेव्हा पहिल्यापासून सगळं लिही. आणि हेही लिही की हा उद्योग मुळात सुरू कुणी केला. तिने विचारलं आणि मी "सांगतो सावकाश" म्हणून वेळ मारून नेली.

फोनच करणार होतो, पण तुला ऐकू येत नाही आणि मामी मध्ये बसून भलतंच सांगते. आईला यातलं काही कळवू नकोस. कॉलेज सोडल्यापासून ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलते.

तुझा भाचा

*

२१ जानेवारी

ठिणगीस आशीर्वाद.

पत्र मामीने आधी वाचलं, मग मला दिलं. तिचं म्हणणं, पोरगा पेटलाय, पाणी ओता. मी म्हटलं, सरांवर खुर्ची उगारून कॉलेजातून आला तेव्हा ओतलं होतं, नुसती वाफ झाली.

माझं म्हणशील तर दोन्ही गुडघे नवे आहेत आणि माणूस जुना. खिडकीपासून मोरीपर्यंत चौदा पावलं, तेवढाच व्यायाम. लोखंड उचलून गुडघे गेले आणि लोखंड आपटल्याच्या आवाजाने कान. तरी लोक विचारतात, आरोग्याचं रहस्य काय?

सुरू कुणी केलं? कुणीच नाही. वाटेत दगड होता, तो बाजूला करायचा होता. मग कुणाला तरी वाटलं, शेजाऱ्याला झेपला नाही तो मला झेपतो का बघू. तिथून सगळी भानगड. एका ग्रीक पैलवानाची गोष्ट तर प्रत्येक जिमवाला सांगतो. वासरू रोज खांद्यावर घ्यायचा, वासराचा बैल झाला तरी घेतच राहिला. मी ती चाळीस वर्षं ऐकतोय. अरे, वासरू आठवड्याला चार-पाच किलो वाढतं. माणसाची ताकद तशी वाढत नाही. मधल्या कुठल्या तरी सकाळी त्याला ते झेपलं नसणार. त्या सकाळचं कुणी लिहून ठेवलं नाही.

खरी रीत आली ती गेल्या शतकातल्या मोठ्या युद्धात, एका लष्करी डॉक्टरमुळे. जखमी सैनिक महिनोन्‌महिने पडून, पायांच्या काड्या झालेल्या. त्याने त्यांच्या पायांना लोखंडी बूट बांधले आणि वजन उचलायला लावलं, हळूहळू वाढवत. बाकीचे म्हणाले, मारशील त्यांना. ते उठून चालायला लागले. एवढंच आहे रे सगळं. झेपेल तिथून सुरू करायचं, थोडं वाढवायचं, पडू द्यायचं, पुन्हा उचलायचं.

फोनवालीला आठवड्यातून तीनच दिवस उचलू दे. पाठ सरळ, बार नडगीला घासून वर. वाढवायचं तर अडीच किलो, त्याहून जास्त नाही. झोप झाली का ते आधी विचार. जिममध्ये नुसती मोडतोड होते, ताकद भरते ती झोपेत. आणि वही ठेव. आकडा असेल तसा लिही. अडकली तर अडकली असं लिही.

शिकवताना प्रेमात पडू नये. पडलाच असशील, तर वही निदान दुसऱ्याला लिहू दे.

मामा

*

१ मार्च

मामा,

उशीर झाला, कारण मजा चाललीय. वासराची गोष्ट तिला सांगितली. म्हणाली, "वासराला कुणी विचारलं का, तुला वर जायचंय का?"

फार दमते रे. सकाळची पाळी संपवून तशीच येते. कानावर हेडफोनचा वळ असतो. बाकावर आडवी होते आणि दहा मिनिटांत उठून म्हणते, "चला, आज कोण कुणाला उचलतंय बघू." मी त्या दहा मिनिटांत कुणाला वजनं आपटू देत नाही. परवा एका दांडगटाने मुद्दाम आपटलं, तर त्याची कॉलर धरली. मालकांनी सोडवलं.

वही तुझ्या सांगण्याप्रमाणे ठेवलीय. पन्नास जानेवारीअखेर जमलं. नऊ फेब्रुवारीला साठावर आली आणि अडकली. चार दिवस सारखं तेच. तीन वेळा उचलायची आणि चौथ्याला बार जमिनीला चिकटायचा. सोळा तारखेला तर बसूनच राहिली. म्हणाली, "मला वाटतं माझं एवढंच आहे." मामा, तो चेहरा तू पाहिला नाहीस.

आणि अठराला साठ, पाच वेळा! विसाला साडेबासष्ट. तेविसाला पासष्ट, पंचविसाला साडेसदुसष्ट आणि सत्ताविसाला सत्तर, सगळी पाच-पाच. सत्तर खाली ठेवलं आणि तिने माझ्या पाठीत अशी थाप मारली की मीच वाकलो. आता सांग, तुझा भाचा मास्तर आहे की नाही?

*

९ मार्च

ठिणगीस,

आकडे दोनदा वाचले. मामीला म्हटलं, चष्मा दे, मग तिसऱ्यांदा वाचले.

जी साठावर चार दिवस तीनच्या पुढे जाईना, ती पुढच्या नऊ दिवसांत सत्तर पाच वेळा? झोप तीच, पाळी तीच. एकदा होतं असं, दोनदा होतं. ओळीने पाच वेळा होत नाही. माझ्या हाताखालून दीड-दोनशे माणसं गेली, इतकी गुळगुळीत वही एकाचीही नव्हती.

तुझ्यावर आळ घेत नाही. लोखंड ओतताना कमी-जास्त होतं. वीस लिहिलेली चकती अठराची निघते. तुमच्या मालकांनी एक जुना संच कुठून तरी उचलून आणला होता, हे मला आठवतंय. जिमच्या वर पार्सलचं दुकान आहे, त्याच्याकडे काटा असेलच. बारला ज्या चकत्या लावतोस त्या वर ने आणि तोलून बघ. वेळ आहे अजून.

मामा

*

१४ मार्च

मामा,

तुला कुणाचं बरं चाललेलं बघवत नाही का? मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, याच्या हातून काही होणार नाही. तू एकटा म्हणाला होतास, बघू. आता होतंय, तर तू काटा काढून बसलास.

नेल्या वर. तोलल्या. बरोबर आहेत.

ती काल पंचाहत्तर उचलून गेली. तिच्या कंट्रोल रूममधल्या सगळ्यांना सांगते, आमच्याकडे एक पोरगा आहे, तो लोखंडाशी बोलतो. असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हटलेलं नाही. तुझ्या शंका तुझ्यापाशी ठेव. इतक्यात माझं पत्र येईल असं धरून बसू नकोस.

*

२० मार्च

बरोबर आहेत म्हणतोस तर बरं.

किती भरल्या ते मात्र लिहिलं नाहीस. काटा बघितलेला माणूस आकडा लिहितो.

चाचणी अठरा एप्रिलला, म्हणजे चार आठवडे. चार आठवड्यांत अजून पुष्कळ दुरुस्त होतं. रागव, पण पत्र टाक.

मामा

*

२३ एप्रिल

मामा,

आकडा लिहितो. साडेसतरा.

वीस लिहिलेली चकती साडेसतरा भरते आणि दहाची पावणेनऊ. हे मी मार्चात नाही तोललं. जानेवारीतच तोललं होतं, नव्याने कामाला लागलो तेव्हा, सहज गंमत म्हणून. त्या जुन्या संचाच्या कडा झिजलेल्या आहेत. जवळून बघितलं तरच कळतं, आणि तेवढ्या जवळून फक्त मीच बघतो, कारण पुसतो मी. मालकांनाही पत्ता नाही.

सोळा फेब्रुवारीला ती बसून राहिली ना, "माझं एवढंच आहे" म्हणाली, त्यानंतर बुधवारी मी तिच्या बारला त्या लावल्या. एका दिवसापुरत्याच लावायच्या होत्या. तिला हसायला येऊ दे, शुक्रवारपासून पुन्हा खऱ्या लावू, असं ठरवलं होतं. पण शुक्रवारी खऱ्या लावल्या असत्या तर ती पुन्हा अडकली असती आणि विचारलं असतं, परवा कसं जमलं? मग पुढच्या सोमवारीही त्याच. तुझं वीस मार्चचं पत्र खिशात घेऊन मी तीन आठवडे फिरलो. रोज वाटायचं, आज सांगू. रोज ती पाठीत थाप मारायची.

अठराला मी मैदानाच्या जाळीबाहेर उभा होतो. तिने पहिल्यांदा उचललं. दुसऱ्यांदा वर येताना तिचे हात दिसण्याइतके थरथरले. तिसऱ्यांदा बार नडगीवरून गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. ती सोडेना. परीक्षकच म्हणाले, "सोडा ताई, पाठ जाईल."

बाहेर आली तेव्हा मला वाटलं, आता विचारेल. जिमच्या वजनात काही गडबड होती का, एवढं जरी विचारलं असतं तरी मी सांगून टाकलं असतं. तिला ती शंकाच आली नाही. पायरीवर बसून म्हणाली, "जिममध्ये रोज पाच होतात आणि तिथे दोन. म्हणजे ताकद आहे, मीच घाबरले. चार लोक बघायला लागले की हातपाय गाळते मी. जाळात काय करणार होते रे? फोनवरच बरी आहे."

ऑक्टोबरच्या चाचणीचा अर्ज दहा मेपर्यंत भरायचा आहे. भरणार नाही म्हणते. व्यायामाला मात्र येत राहणार आहे. "तुझ्याशी बोललं की बरं वाटतं," म्हणाली.

मला हवं होतं ते असं मिळालंय, मामा. मी गप्प बसलो तर ती रोज येईल. जेवण जात नाही. आई विचारते, काय झालं, कधी नव्हे ते विचारते, आणि मी तिच्यावरच खेकसतो.

*

२९ एप्रिल

बाळा,

ठिणगी लिहायला हात झाला नाही.

मला पत्र उघडायच्या आधीच माहीत होतं, असं म्हणून शहाणपण मिरवत नाही. मार्चातच मालकांना एक ओळ लिहिली असती तर हे झालं नसतं. नाही लिहिली. तुझं तूच निस्तरशील असं वाटलं. थोडा कंटाळाही केला, खरं सांगतो. या वयात दुसऱ्याचं भांडण अंगावर घ्यायला दम लागतो.

माझ्या गुरुजींनी मला जुन्या काळच्या तंबूतल्या बलदंडांबद्दल सांगितलं होतं. त्यांच्या बारला दोन्ही टोकांना चकत्यांऐवजी पोकळ लोखंडी गोळे असत. आत शिशाचे छर्रे भरायचे. काही लबाड लोक प्रेक्षकांतल्या कुणाला आधी भरलेला बार उचलायला बोलवत, तो हरला की पडद्यामागे गोळे रिकामे करून स्वतः एका हाताने उचलत. गुरुजी म्हणायचे, त्यात बलदंडाचं काही गेलं नाही, त्याला माहीत होतं गोळा रिकामा आहे. जो गडी हरून घरी गेला त्याचं काय? तो जन्मभर स्वतःला नामर्द समजला असेल.

मी हे ऐकून मान डोलवली होती आणि तरी एक केलंच. माझ्याकडे एक सुतार यायचा, चांगला ताकदीचा, पण आकडा ऐकून दचकायचा. मी त्याला एकशे तीस सांगून एकशे चाळीस लावले. त्याने उचलले. मी टाळ्या वाजवून सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं, मिठी मारेल. तो खाली बसला आणि चकत्या मोजायला लागला. पुढे प्रत्येक वेळी मोजायचा, माझ्यादेखत, दोन-दोनदा. वर्षाच्या आत यायचा बंद झाला. माझं म्हणणं होतं, मी तर त्याचं भलंच केलं. माफी मागायला गेलो नाही. तो वारला तेव्हा मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

तू तिला घाबरट ठरवून बसवलंयस आणि तिला ते खरं वाटतंय. दहा तारखेच्या आत सांग. गोड करून सांगू नकोस, "तुझ्यासाठीच केलं" हे तर बिलकुल नको. ते ती मागाहून समजेल, नाहीतर नाही समजणार.

ती जाईल. तयारी ठेव.

मामा

*

७ मे

मामा,

सांगितलं. काल दुपारी.

जिममध्ये कुणी नव्हतं, मालक डॉक्टरकडे गेले होते. ती बाकावर आडवी झाली होती. मी दहा मिनिटं थांबलो, ती उठली आणि मी उभ्याउभ्या बोलून टाकलं. फेब्रुवारीपासून तुझ्या बारला हलक्या चकत्या आहेत. जानेवारीतच मी त्या वर तोलल्या होत्या. मला माहीत होतं.

तिला आधी कळलंच नाही. "हलक्या म्हणजे?" मग म्हणाली, "चल वर." एक चकती तिने घेतली, एक मी. पार्सलवाला म्हणाला, "कुठे पाठवायचंय?" ती म्हणाली, "कुठे नाही. वजन बघा फक्त." काट्यावर साडेसतरा आलं. दुसरी ठेवली, साडेसतरा. दहाच्या आणायला मीच खाली पळालो. तिने पार्सलच्या चिठ्ठीमागे पेनने बेरीज केली, बारचे वीस धरून. साडेबाहत्तर.

खाली आलो. ती त्या चिठ्ठीकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे इथे मी ऐंशी एकदाही उचललं नव्हतं."

"नाही."

"आणि तिथे दोनदा उचललं ते?"

"ते खरं ऐंशी होतं. तिथली वजनं तपासलेली असतात."

"मग मी घाबरले नव्हते."

मी म्हटलं, नाही. ती पुन्हा म्हणाली, "घाबरले नव्हते मी," आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. दमलेलं माणूस तोंड पुसतं तसं पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. मामा, तू म्हणाला होतास ती जाईल. तू म्हणाला नव्हतास की आधी अशी बघेल.

"फोनवर लोक मला खोटं सांगतात," ती म्हणाली. "श्वास चालू आहे म्हणतात. नसतो. त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही, म्हणून. त्यांचा मला कधी राग आला नाही. तू तर आधी काट्यावर तोलून घेतलं होतंस."

मी म्हटलं, "मला तू—"

"माहीत आहे. आंधळी आहे का मी? चांगलं वाटायचं मला." उठली. "तीन आठवडे मी रोज झोपताना स्वतःला भित्री म्हणतेय. कामावरसुद्धा. परवा एका बापाला फोनवर सांगताना माझाच आवाज कापला. तू बघत होतास ना, जाळीबाहेरून?"

एरवी मला राग येतो, तुला माहीत आहे, कुणी एक बोललं की माझी चार तयार असतात. काल मी एवढंच म्हटलं, अर्जाची तारीख दहा आहे. म्हणाली, "तारखा मला तू सांगू नकोस."

मग तिने बारच्या दोन्ही टोकांच्या चकत्या स्वतः उतरवल्या. भिंतीपाशी जाऊन नव्या संचातल्या आणल्या, एकेक. वीस, वीस. मग पाच, पाच. मी मदतीला पुढे झालो तर नुसता हात वर केला. सत्तर झाले. खऱ्या चकत्यांचे सत्तर, मी तिच्या बारला आजवर न लावलेले. बारसमोर उभी राहिली, पाय जुळवले, पट्टा आवळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला बघायला कुणी नकोय. सोमवारपासून मालकांना सांगेन शिकवायला, एका खांद्याने शिकवतील. तू जा आता. दार लावून जा, वारा येतोय."

मी फडकं खुंटीवर अडकवलं, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.